स्पर्शनकाशा

आमडोहचा नकाशा पडद्यावर उमटला आणि सभागृहातला कपबशांचा आवाज थांबला. नकाशात रस्ते नव्हते, नदी नव्हती. होते ते नुसते ठिपके, एकेका घराचा एकेक, आणि त्या ठिपक्यांना जोडणाऱ्या बारीक केशरी रेघा. कुठे चारदोन रेघा, तर कुठे रेघांचा असा गुंता की मधला ठिपका दिसेनासाच झालेला.

"हा स्टँडवरचा चहावाला," गौतमी वासनिक सांगत होती. विभागातली ही संख्याशास्त्रज्ञ एरवी अबोल, पण आज तिच्या अंगात वारं शिरलं होतं. "ही बांगड्या भरणारी बाई. हे सलून. उद्या आमडोहमध्ये साथ आली तर ती याच हातांमधून जाईल. आजच सांगते."

पहिल्या रांगेत डॉ. रजनी भोयर बसल्या होत्या. राज्याच्या साथसज्जता विभागाच्या त्या प्रमुख. हा नकाशा त्यांच्या सगळ्या नोकरीचं फळ होता.

कल्पना साधी होती. विषाणू माणसाकडून माणसाकडे कोणत्या वाटेने जाईल हे कळतं ते माणसं आजारी पडल्यावर. मग साथ नसतानाच ती वाट शोधून ठेवली तर? त्यासाठी रजनीने प्रयोगशाळेकडून 'खूण' तयार करून घेतली होती. खूण म्हणजे साखरेच्या कवचात बंद केलेला कृत्रिम डीएनएचा तुकडा, धुळीच्या कणाहून लहान. तो वाढत नाही, शरीरात शिरून काही करत नाही. कातडीवरच्या तेलकटपणाला चिकटतो, या हातावरून त्या हातावर जातो आणि काही आठवड्यांत विरून जातो. डीएनएची अक्षरं चारच. पण त्यांचा क्रम बदलला की हव्या तितक्या वेगळ्या खुणा करता येतात. म्हणून आमडोहच्या प्रत्येक घराला स्वतःची खूण मिळाली. ती मलमासारखी हाताला चोळायची, दाराच्या कडीला एक कागदी पट्टी गुंडाळायची आणि महिन्याने ती पट्टी सोडून घराबाहेरच्या पेटीत टाकायची. पट्टीवर ज्या घरांच्या खुणा सापडतील, त्या घरांशी या घराचा हात लागला, असा हिशेब.

त्यातून पुढचं सगळं निघत होतं. लस कधीच सगळ्यांना एकदम पुरत नाही. पण जिथे रेघांचा गुंता आहे त्या माणसांना आधी टोचली, तर साथीची वाटच तुटते. थोडक्या लशीत सगळं गाव वाचतं.

"आणि एक गंमत," गौतमी म्हणाली. तिने नकाशाचा एक कोपरा मोठा केला. चुनाभट्टीच्या पलीकडे, गावाच्या अगदी कडेला, एक ठिपका होता. त्याला एकही रेघ नव्हती.

"कुलूप असेल घराला," आरोग्य सचिव म्हणाले.

"नाही ना, सर. पट्टीवर त्या घराची स्वतःची खूण भरपूर आहे. कुणीतरी रोज ती कडी काढतं, लावतं. पण महिनाभरात दुसऱ्या कुणाचाच हात त्या माणसाला लागलेला नाही. अठरा हजारांच्या गावात! साथीच्या दृष्टीने बघितलं तर राज्यातला सगळ्यात सुरक्षित माणूस हा."

सभागृहात हशा पिकला. "त्याचा सत्कार करा," मागून कुणीतरी म्हणालं.

रजनी हसली नाही. तिला ते घर माहीत होतं. ती कडी माहीत होती. त्या घरात तिची सख्खी मोठी बहीण राहत होती, आणि खुणांच्या या सरावाचा तो सगळा महिना रजनी आमडोहच्याच विश्रामगृहावर मुक्कामाला होती.

"भोयर मॅडम, तुमचं काय मत?" सचिवांनी विचारलं.

"पट्टी खराब असणार," रजनी म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा आला, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "एका घरासाठी सगळ्या नकाशावर शंका नको. वगळा ते."

गौतमीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग बोटाने ठिपक्याला स्पर्श केला. ठिपका गेला.

बाहेर व्हरांड्यात ती रजनीच्या मागे आली. "मॅडम, पट्टी खराब नव्हती. मी स्वतः तपासली. तिथे माणूस राहतं."

"माझा निर्णय आहे, गौतमी."

"पण याच नकाशावरून पुढे सगळं होणार. लस, औषधं, शिधा. नकाशात नाही ते घर यंत्रणेला दिसणारच नाही."

"तेव्हाचं तेव्हा बघू," रजनी म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. ड्रायव्हरला निघायला सांगायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

त्या बहिणीला, कुमुद मोहोडला, कुष्ठरोग झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि रजनी अकराची. पाठीवर एक फिकट चट्टा उठला, मग डाव्या हाताची करंगळी वाकायला लागली. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या. कुमुदने त्या नेमाने घेतल्या आणि ती बरी झाली, पूर्ण बरी. हाताची नस मात्र आधीच गेली होती. तीन बोटं आत वळली ती वळलीच, आणि त्या हाताची जाणीव गेली. रोग गेला, पण आईने वेगळं केलेलं ताट पुन्हा मांडणीवर आलं नाही.

रजनी हुशार होती. ती नागपूरला शिकायला गेली, डॉक्टर झाली. पहिल्याच वर्षी पुस्तकात तिने वाचलं की औषध सुरू झाल्यावर काही दिवसांतच रोग्यापासून लागण होण्याची भीती संपते. ते पान तिने पुन्हा वाचलं होतं. सुट्टीत घरी गेल्यावर ती कुमुदच्या खाटेपासून चार हात लांब खुर्ची ओढून बसली. तिथेच बसायची सवय होती.

तिचं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना सांगितलं गेलं की मोठीचा हात लहानपणी चुलीत भाजला. कुमुद लग्नाला मांडवात आली नाही. "माह्यं डोकं दुखते," म्हणून घरीच राहिली, आणि कुणी आग्रह केला नाही. रजनीच्या नवऱ्याला आजही तेवढंच माहीत होतं. बायकोची एक मोठी बहीण आहे, हात भाजलेली, लग्न न झालेली, माणसांत फारशी न मिसळणारी.

पुढे नोकरीत कुष्ठरोग विभागाची जागा चालून आली होती. रजनीने ती नाकारली. तिने निवडले ते दूरचे रोग: परदेशात निघालेले, वटवाघळांतून येणारे, कुणी मुद्दाम सोडले तर काय म्हणून धास्ती घ्यावी असे. अजून न आलेल्या रोगांची तयारी हेच तिचं आयुष्य झालं. परिषदांमध्ये तिला दूरदृष्टीची बाई म्हणत. तिला ते ऐकायला आवडे.

सरावासाठी आमडोहचं नाव संगणकाने काढलं होतं. 'हे माझं गाव आहे' असं म्हणून तिला ते बदलून घेता आलं असतं. मग कुणीतरी विचारलं असतं, कोण असतं तुमचं तिथे? ती गप्प राहिली. वर पथकासाठी एक नियम तिनेच केला: सरावाच्या काळात कुणीही गावातल्या घरी जायचं नाही, खुणा मिसळतील. नियम शास्त्राला धरून होता. म्हणून तर तो तिला इतका सोयीचा वाटला.

त्या महिन्यात एकदा कुमुदचा फोन आला होता.

"रजू, तू गावातच हायेस म्हणे. बातम्यात दिसली."

"हो ताई. पण कामात आहे. नियम आहे, कुठे जाता येत नाही."

"नाही, नाही, ये म्हणून नाही केला फोन. ते पट्टी लावली मी दाराले. तुह्या खात्याची हाय ना? म्हटलं नीट लावली का पाहून घ्यावं. कडीले दोन येढे दिले."

"बरोबर आहे."

"मलम बी लावतो रोज," कुमुद म्हणाली, आणि थोडं थांबून, "बरं, ठेवतो मंग."

पुढच्या हिवाळ्यात ताप आला. तो पक्ष्यांतून माणसांत आला होता. लोक त्याला कोंबडताप म्हणू लागले. फुप्फुसं पाण्याने भरत आणि धडधाकट माणसं आठवड्यात जात. शेजारच्या राज्यात गावंच्या गावं आडवी झाली. आमडोहमध्ये पहिला रोगी सापडला त्याच दिवशी गावाच्या वेशी बंद झाल्या, आणि रजनीची योजना पहिल्यांदा खरोखर चालू झाली.

ती चालली. नकाशात जिथे रेघांचा गुंता होता त्या माणसांना लस टोचली गेली: चहावाला, बांगड्यावाली, न्हावी, दोन शिक्षिका, देवळातला गुरव. बाकी सगळ्यांनी घरात राहायचं. शिधा, औषधं, गॅस, सगळं नकाशातल्या ठिपक्यांवर उडत्या यंत्रांनी टाकलं जात होतं. ताप गावात शिरला आणि वाटच न सापडून विझायला लागला. वाहिन्यांवर रजनीचा चेहरा दिसू लागला. "आमडोह वाचलं," निवेदिका म्हणायची, आणि पडद्यावर केशरी रेघांचा तो नकाशा फिरायचा.

रजनी तो बघायची नाही. तिला आठवत होतं. विसरली असती तर गोष्ट वेगळी होती. पण वेशी बंद झाल्या त्या सकाळीच तिला आठवलं होतं की चुनाभट्टीपलीकडचं एक घर नकाशात नाही. एक फोन केला असता तर ते परत घालता आलं असतं. फोन गौतमीलाच करावा लागला असता. गौतमीने विचारलं नसतं, पण तिला कळलं असतं. दुपारी करू, असं रजनीने ठरवलं. दुपारी मंत्र्यांची बैठक होती. मग तिने मनाशी म्हटलं, शेजारीपाजारी असतात, स्थानिक कर्मचारी असतात, कुणाच्या ना कुणाच्या लक्षात येईलच.

मधे कुमुदचा एकदा फोन आला.

"रजू, थोडं बोलायचं होतं—"

"ताई, बैठकीत आहे. मी करते नंतर."

तिने नंतर केला नाही.

कुमुद घरी बसून नगरपालिकेच्या पाण्याच्या तक्रारी घ्यायची. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतं, पाइप फुटला, गावातल्या कुणीही फोन लावला की पलीकडे तिचा आवाज असायचा. शांत, थोडा खर्जातला. गावातल्या बहुतेकांनी तिला पाहिलं नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं होतं त्यांना आवाज तिचा आहे हे ठाऊक नव्हतं. तापाच्या दिवसांत एकाएकी त्या क्रमांकावर नुसती रिंग वाजू लागली. लोकांनी मदतकक्षाकडे विचारणा सुरू केली: पाण्याच्या त्या बाई बऱ्या आहेत ना?

विचारणा आमडोहच्या मदतकक्षात बसलेल्या गौतमीपर्यंत पोचल्या. तिने पालिकेकडून त्या बाईंचा पत्ता घेतला, आणि रजनीला फोन केला.

"मॅडम, ते वगळलेलं घर. तिथे कुमुद मोहोड नावाच्या बाई राहतात. त्यांनी शिधा आला नाही म्हणून मदतकक्षाला पुन्हा पुन्हा फोन केले आहेत. तिथलं यंत्र दर वेळी एकच उत्तर देतंय: या पत्त्यावर वस्ती नाही. आता त्या फोन उचलत नाहीत."

रजनी उठून उभी राहिली. "मी जाते," ती म्हणाली.

"तुम्ही? नागपूरहून? इथलं पथक पाठवते ना."

"पथक पाठव. मीही येते."

ती पोचली तेव्हा रुग्णवाहिका दारात उभी होती. पथकातले दोघे पांढरे पोशाख घालून, चाचणीचा संच यायची वाट बघत, अंगणात थांबले होते. ताप असलेल्या माणसाला चाचणी झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हा रजनीनेच घातलेला नियम. अंगणात तीन विटांची चूल होती. गॅस संपल्यावर कुमुदने काटक्या पेटवून स्वयंपाक केला होता. डावा हात चुलीत गेलेला तिला कळला नाही. वास आला तेव्हा कळला. मधुमेहाच्या गोळ्या संपलेल्या, पट्टी बांधायला घरात कापूस नाही. हात कोपरापर्यंत सुजला होता.

कुमुद खाटेवर पडली होती. डोळे उघडे होते.

"ताई," रजनी म्हणाली.

कुमुदने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. रजनीच्या दोन्ही हातांत दोन-दोन हातमोजे होते, एकावर एक. ते कधी चढवले हे तिला आठवत नव्हतं. कुमुदने सुजलेला हात पदराखाली घेतला, पाहुण्यासमोर घ्यावा तसा. त्या हाताला घाण वास येत होता आणि बहिणीला तो येऊ नये म्हणून ती धडपडत होती.

संच आल्यावर चाचणी केली. कोंबडताप नव्हता. दोघा कर्मचाऱ्यांनी कुमुदला उचलून गाडीत घेतलं. रजनी शेजारी बसली. मोजे काढून टाकले आणि वाटभर कुमुदचा उजवा हात धरून ठेवला. कुमुदने हात काढून घेतला नाही, की बोटं आवळलीही नाहीत.

जिल्हा रुग्णालयात तरुण शल्यचिकित्सक धावतच आला. त्याने हात उलटसुलट करून बघितला आणि वळलेल्या बोटांशी थांबला.

"ही बोटं आधीपासून अशी आहेत? कशामुळे?"

प्रश्न रजनीला होता. भोवती परिचारिका होत्या, पथकातली माणसं होती, गौतमीही येऊन पोचली होती. सगळे रजनीला ओळखत होते.

"लहानपणी भाजलं होतं," रजनी म्हणाली.

वाक्य तोंडातून सुटलं आणि मग तिला ऐकू आलं. इतक्या वर्षांत ते इतकं गुळगुळीत झालं होतं की बोलायला काही लागलंच नाही. डॉक्टर म्हणून तिला माहीत होतं की याच क्षणी, याच माणसाला खरं कळणं गरजेचं आहे. हाताला जाणीव नाही हे ठाऊक नसेल तर जखम किती खोल गेली याचा अंदाज तो चुकवणार. तिने तोंड उघडलं. पण तिच्या आधी स्ट्रेचरवरून आवाज आला, तो शांत, खर्जातला, अख्ख्या गावाच्या ओळखीचा.

"भाजलं नव्हतं, डॉक्टर. महारोग झाला होता. गोळ्यांनं बरा झाला. त्या हाताले काही लागलं तं समजत नाही मले."

"हे फार बरं झालं तुम्ही सांगितलंत," डॉक्टर म्हणाला आणि लगेच कामाला लागला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्याच्या दृष्टीने ती एक उपयोगी माहिती होती, एवढंच.

"पेशंटचं तुम्ही कोण?" परिचारिकेने रजनीला विचारलं.

"बहीण," रजनी म्हणाली. पण आता ते सांगण्यात काय उरलं होतं? भिंतीशी गौतमी उभी होती. तिने मान खाली घातली. आपल्यासाठी दुसऱ्या कुणीतरी लाजावं, हे रजनीने पहिल्यांदाच अनुभवलं. त्या दिवशी तिला तेच सगळ्यात जड गेलं.

हात वाचला नाही. मनगटाच्या वर कापावा लागला.

रजनीने सचिवांना सगळं सांगितलं: पट्टी खराब नव्हती, घर कुणाचं ते मला माहीत होतं, मी मुद्दाम वगळलं. सचिवांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "मॅडम, एवढ्या मोठ्या यशात एखादी गोष्ट राहून जाते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि हे बाहेर कशाला न्यायचं? योजनेवरचा विश्वास उडेल लोकांचा." तिने राजीनामा दिला, तोही तिच्या थकव्याच्या खाती जमा झाला. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला सांगायचं होतंस. मी काय म्हणणार होतो?" तो काहीच म्हणाला नसता, हे तिला तेव्हा कळलं. ज्या प्रश्नाच्या धाकाने तिने इतकी वर्षं काढली, तो विचारणारं बहुधा कुणी नव्हतंच.

"नागपूरला चल माझ्याकडे," तिने कुमुदला म्हटलं. कुमुदने नकारार्थी मान हलवली. तिला आपल्या घरी जायचं होतं. तिच्याबरोबर रजनीही आमडोहला आली. विश्रामगृहातल्या माणसाने सवयीने तीच खोली उघडून दिली आणि ती तिथे राहिली, कारण कुमुदने 'इथंच राह्य' असं काही म्हटलं नव्हतं. रोज ती कुमुदकडे जायची, जखम धुवायची, पट्टी बदलायची, दोघींचा स्वयंपाक करायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी, पट्टी बांधता बांधता, ती म्हणाली, "ताई, तुला एक सांगायचंय."

"सांग ना."

"मदतकक्षाला तुझं घर दिसत नव्हतं. ते मी काढायला लावलं होतं. नकाशात तुझ्या घराला कुणाचीच खूण लागली नव्हती. सगळ्यांसमोर ते पडद्यावर आलं. कुणीतरी विचारलं असतं, म्हणून मी काढायला लावलं. ताप आला तेव्हाही मला आठवत होतं. तरी मी परत घातलं नाही."

तिने पट्टीची गाठ मारली. मान वर करायचं धाडस होत नव्हतं. बाहेर कुठेतरी भोंगा लावून भाजीची गाडी चालली होती. गाव पुन्हा सुरू झालं होतं.

"मले वाटलं यंत्राची चूक हाय," कुमुद म्हणाली.

"नाही."

"मी त्या यंत्राले किती समजावलं. म्हटलं, बाप्पा, मी बोलून राह्यलो ना तुह्यासंग, मंग वस्ती नाही कशी? मले हसू बी आलं एकडाव." ती हसली नाही. "यंत्राची असती तं बरं झालं असतं वं, रजू."

रजनी रडायला लागली. कुमुदने तिला रडू दिलं. जवळ ओढलं नाही, उगी म्हटलं नाही. सुती साडीच्या टोकाशी उजव्या हाताने खेळत ती दाराबाहेर बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर रजनीला बरं वाटलं असतं. तिथे होता तो एक हिशेब, नव्याने जुळवल्यासारखा: ज्या ज्या वेळी तिने बहिणीच्या वतीने स्वतःची समजूत घातली होती त्या सगळ्या वेळांचा.

"गाववाले येत नाही माह्याकडे," ती म्हणाली. "त्याइचं मले काही नाही वाटत. त्याइले शिकवलं कोनं? तू तं शिकली होती."

"हो."

"आता जाय. उद्या येजो."

रजनीने डोळे पुसले, उठली.

"अन् आयक. मले मालूम हाय, तू चुनाभट्टीपाशीच रिक्षा सोडतेस. तिथून पायी येतेस, कोनाकडं चालली ते कोनाले दिसू नये म्हणून. लय वर्षांपासून मालूम हाय. उद्या दारापर्यंत ये. अन् त्या रिक्षावाल्याले सांगजो, कोनाच्या घरी जाते ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी रजनीने विश्रामगृहासमोर रिक्षा थांबवली. चालवणारी मध्यमवयाची बाई होती, कपाळावर मोठं कुंकू, बोलकी.

"कुठं जाचं, मॅडम?"

"चुनाभट्टीच्या पुढे. शेवटचं घर. कुमुद मोहोड."

रिक्षावालीने आरशातून तिच्याकडे बघितलं. "ते महारोगी बाई? तुम्ही दवाखान्याच्या काय?"

चौकात गर्दी होती. रिक्षा चहाच्या टपरीशी अडकली होती आणि टपरीवरची दोन माणसं मान वळवून बघत होती. रजनीचे कान तापले. ती ऊब तिच्या चांगलीच ओळखीची होती. अकराव्या वर्षी शाळेत पहिल्यांदा कुणीतरी कुमुदबद्दल विचारलं तेव्हा आली होती, तीच. तिला वाटलं होतं, एवढं सगळं झाल्यावर ती आता उरली नसेल. ती जशीच्या तशी होती.

"दवाखान्याची नाही," रजनी म्हणाली. टपरीवरच्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने बोलायचं तिने ठरवलं होतं. आवाज तेवढा निघाला नाही. तिने पुन्हा सांगितलं. "माझी मोठी बहीण आहे ती. धाकटी मी."

"असं व्हय," रिक्षावाली म्हणाली. मग जरा वेळाने, रिक्षा पुढे काढता काढता, "मंग तुम्हाले कधी पाह्यलं नाही इकडं."

"नाही," रजनी म्हणाली. "मी उघडपणे येत नव्हते."

चुनाभट्टी आली. रिक्षावालीने वेग कमी केला आणि तिच्याकडे बघितलं. रजनीने पुढे, दारापर्यंत न्यायला सांगितलं.